कृष्णा-कोयनेच्या काठचे तळ

महाबळेश्वराच्या दक्षिण उतारावरून तापोळ्याकडे, किंवा साताऱ्याहून यवतेश्वर आणि कास मागे टाकून बामणोलीकडे उतरू लागले म्हणजे शिवसागराचे विस्तीर्ण पाणी दृष्टिपथात येते, आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या, थंड दिवसांत त्या पाण्याच्या काठाकाठाने लहान लहान तंबूंच्या ओळी उभ्या असलेल्या दिसतात. वाईजवळ धोमच्या जलाशयाकाठी आणि सह्याद्रीच्या या अंगाला असलेल्या इतर काही तलावांच्या आश्रयानेही हेच दृश्य थोड्याफार फरकाने आढळते. पुण्यामुंबईहून आलेली कुटुंबे तेथे एक रात्र उघड्या आकाशाखाली काढतात, पहाटेचे धुके पाहतात आणि परत जातात. आणि कापडाच्या छपराखाली हौसेने राहण्याची ही रीत नवी आहे, परदेशातून आलेली आहे, असा त्यांच्यापैकी बहुतेकांचा समज असतो. हौस नवी असेल. परंतु कृष्णा, कोयना, वेण्णा, वारणा आणि माण या नद्यांच्या खोऱ्यांत मनुष्याने तळ ठोकून राहण्याचा व्यवहार इतका पुरातन आणि इतका विविध आहे, की १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा झालेला आणि १९६० साली सांगली हे नाव पावलेला जिल्हा व त्याचा मूळ सातारा जिल्हा, या दोहोंचा बराचसा इतिहास राजवाड्यांपेक्षा राहुट्यांत घडला, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

तळाची जागा उत्तम ठरण्यास पाणी हवे, जनावरांना वैरण हवी, पुराच्या आणि शत्रूच्या आटोक्याबाहेरचा उंचवटा हवा. या तीन गोष्टी कोणताही जाणता सरदार पाहतच असे. पण चौथी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच: त्या जागेच्या धन्याची, म्हणजे आसपासच्या गावकऱ्यांची, संमती. तळाचा खर्च कोणी सोसला, पाहुण्याने की यजमानाने, हा प्रश्न मनात धरून या प्रदेशातील मुक्कामांकडे पाहिले, तर राज्यकर्त्यांची पारख त्यांच्या शिलालेखांपेक्षा त्यांच्या छावण्यांवरून अधिक खरी होते.

या खोऱ्यांतील सर्वांत विख्यात तळ अफझलखानाचा. १६५९ चा पावसाळा खानाने वाईस काढला. वाईची सुभेदारी पूर्वी त्याच्याकडेच होती, त्यामुळे कृष्णाकाठचा तो रम्य मुलूख त्याच्या पूर्ण परिचयाचा होता. तेथे पाणी विपुल, सपाटी मोठी, दाणावैरणीची ददात नाही, आणि घोडदळास धावण्यास मोकळे रान. खान तेथेच राहता तर त्याच्या सैन्यास भय नव्हते. परंतु भेटीची जागा प्रतापगडाच्या परिसरात ठरली, खान ती मान्य करून निघाला, आणि ते हत्ती, घोडे, उंट, तोफा यांचे अवजड कटक रडतोंडीच्या घाटाने जावळीच्या अरण्यात उतरून कोयनेच्या काठी पार या गावी स्थिरावले. शिवाजी महाराजांनी वाटेवरची झाडी तोडवून रस्ता करून दिला, मुक्कामावर सामग्री पुरविली, गडाच्या उतारावर मौल्यवान सरंजामाने सजविलेला शामियाना उभारला. पाहुण्याच्या सरबराईत काडीइतकेही न्यून ठेवले नाही. पारचा तळ पाहण्यास सुंदरच होता आणि आजही आहे. भोवती गर्द डोंगर, मध्ये नुकतीच जन्मलेली खळाळती नदी, आणि तिच्यावर शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा, अद्यापि उभा असलेला दगडी पूल. पण त्या सौंदर्याचे प्रत्येक अंग खानाच्या विरुद्ध होते. ज्या झाडीने वारा अडविला तिनेच मोरोपंत आणि नेताजी यांच्या फौजा झाकल्या. ज्या डोंगरांनी सावली दिली त्यांनीच परतीची वाट बंद केली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी गडावरून तोफेचा इशारा झाला आणि पारची ती छावणी काही घटकांत नाहीशी झाली. या प्रसंगी वाघनखांची आणि बिचव्याची कथा सांगण्याचा प्रघात आहे, आणि ती सांगण्यासारखीच आहे. तथापि त्या दिवशीचा जय तळाची जागा कोणी निवडावी या प्रश्नाच्या निकालातच अर्धाअधिक पदरात पडला होता, हे लक्षात घेतले म्हणजे महाराजांच्या बुद्धीविषयीचा आदर द्विगुणित होतो.

त्याच महाराजांनी स्वतःच्या फौजेच्या छावणीविषयी जे लिहून ठेविले, ते मला प्रतापगडच्या विजयाइतकेच थोर वाटते. राज्याभिषेकाच्या सुमाराचे, चिपळूणच्या मुलखात पावसाळ्यासाठी ठेवलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांस उद्देशून धाडलेले त्यांचे एक पत्र उपलब्ध आहे. चिपळूण म्हणजे कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचा, कोयनेच्या खोऱ्याला लागूनच असलेला प्रांत. पत्रातील आशय असा, की पावसाळ्याची बेगमी म्हणून जमविलेला दाणा आणि गवत बेताने पुरवावे. आधीच उधळपट्टी केली तर पुढे काही मिळणार नाही, घोडी मरू लागतील, आणि मग शिपाई कुणब्यांच्या घरात शिरून दाणे, गवत, लाकूड, भाजी ओढून आणू लागतील. तसे झाले म्हणजे रयतेस वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. जे हवे ते बाजारातून पैसे देऊन घ्यावे, कोणावर जुलूम करू नये. आणि मग येतो तो आगीचा मजकूर: गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नये, तंबाखू ओढू नये, रात्री निजताना दिवे जळत ठेवू नयेत, कारण उंदीर जळती वात ओढून नेईल, गंजीस आग लागेल, आणि सारी पागा त्यात बुडेल. राज्य स्थापणाऱ्या पुरुषाने एका उंदराचा आणि एका वातीचा विचार करून पत्र लिहावे, यात प्रजापालनाचे जे तत्त्व प्रकट झाले आहे, त्याला तोड असलेला दस्तऐवज त्या शतकातील दुसऱ्या कोणत्या छावणीतून निघालेला माझ्या वाचनात नाही.

याच्या उलट चित्र पाहावयाचे तर पंचवीस वर्षांनी साताऱ्याच्या परिसरात उतरलेल्या बादशाही लष्कराकडे वळावे लागते. औरंगजेबाचा तळ म्हणजे फिरती राजधानी. त्याची छावणी ज्या गावावर पडे त्या गावाचे पाणी, झाडे आणि धान्य यांचा काही दिवसांतच निकाल लागत असे. सोलापूरकडे भीमेच्या काठी ब्रह्मपुरी येथे चार वर्षे राहिल्यावर, वयाची ऐंशी वर्षे उलटलेला हा बादशहा १६९९ च्या डिसेंबरात साताऱ्याच्या उत्तरेस करंजे येथे येऊन राहिला. शाहजादा आजम याने किल्ल्याच्या पश्चिमेस शहापूरच्या बाजूला आपला तळ दिला. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी अजिंक्यतारा साडेचार महिने झुंजविला. १७०० च्या १३ एप्रिल रोजी मोगलांनी उडविलेल्या दोन सुरुंगांपैकी दुसऱ्याने तट उलट दिशेस, त्यांच्याच हल्ल्यास सज्ज असलेल्या तुकड्यांवर कोसळून सुमारे दोन हजार माणसे गाडली. पुढे आठवड्याभरात किल्ला वाटाघाटीने गेला, त्याचे नाव आजमतारा झाले. जूनमध्ये परळीचा सज्जनगडही पडला, आणि मुसळधार पावसात, पूर आलेली कृष्णा ओलांडून, गुरे, माणसे आणि सामान यांचा अतोनात नाश सोसून ही छावणी पूर्वेकडे हलली.

तिने पावसाळा सरेपर्यंत जी जागा निवडली तिची कथा विशेष बोधप्रद आहे. माणगंगा ही साताऱ्याच्या दहिवडी-म्हसवडकडून येऊन सांगलीच्या आटपाडी तालुक्यातून सांगोल्याकडे जाणारी, वर्षाचे दहा महिने वाळूच वाहणारी नदी. तिच्या काठी खवासपूर येथे, दोन्ही तीरांवर आणि कोरड्या पात्रालगत, बादशाही लष्कर उतरले. मुलूख दुष्काळी, आभाळ उघडे, जागा सपाट; दिल्ली आणि आग्र्याकडील मुत्सद्द्यांना त्यात धोका कोठून दिसावा! परंतु माणदेशातील कोणताही मेंढका त्यांस सांगता, की ही नदी वर डोंगरात पडलेल्या पावसाने इकडे एक थेंबही न पडता रात्रीत दुथडी भरते. १७०० च्या ऑक्टोबरच्या आरंभी मध्यरात्रीच्या सुमारास तसाच लोंढा आला; तंबू, जनावरे, माणसे वाहून गेली, आणि त्या गोंधळात मराठ्यांनी हल्ला केला असे समजून घाईने बाहेर पडणाऱ्या बादशहाचा पाय घसरून उजवा गुडघा निखळला. तो पुढे कधी पूर्ण बरा झाला नाही. दरबाऱ्यांनी तैमूरलंगाच्या वंशजास हा वारसाच मिळाला असे म्हणून त्याचे समाधान केले. ज्या प्रदेशातील माणसाशी बोलण्याची इच्छा नाही त्या प्रदेशात तळाची जागा नीट निवडता येत नाही, ही गोष्ट हिंदुस्थानच्या सर्वांत बलाढ्य छावणीस एका कोरड्या नदीने शिकविली.

मराठी राज्य विस्तारले तशी छावणीची विद्याही वाढली. शाहू महाराज स्वभावाने साताऱ्यास राहणारे; तथापि मिरजेचे ठाणे मोगलांकडून घेण्यासाठी जी मोहीम झाली आणि १७३९ मध्ये सफल झाली, तिच्यावर ते स्वतः गेले, आणि साताऱ्याहून मिरजेपर्यंतची कृष्णाकाठची वाट त्यांच्या डेऱ्यांनी गजबजली. पुढे तीच मिरज पटवर्धनांकडे आली. मिरज, सांगली, तासगाव येथील या घराण्याची मंडळी वर्षाचे कित्येक महिने दक्षिणेच्या स्वाऱ्यांवर असत, आणि छावणीतून घरी लिहिलेली त्यांची पत्रे मिरजेच्या शाळेतील अध्यापक वासुदेवशास्त्री खरे यांनी दफ्तरांच्या धुळीतून बाहेर काढून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने प्रसिद्ध केली नसती, तर छावणीच्या दैनंदिन जीवनाविषयी आपले ज्ञान फारच तोकडे राहिले असते. शास्त्रीबोवांनी अल्प वेतनात, एकाकी परिश्रमाने केलेल्या या कार्याचे ऋण महाराष्ट्राने पुरते फेडले आहे असे मला वाटत नाही. त्या पत्रांत राजकारण आहेच. परंतु पाण्याची टंचाई, वैरणीचा भाव, बैलांची दशा, पगाराचा खोळंबा, आजारपण आणि घरची काळजी हेही त्यांत ओतप्रोत आहे.

तळ हलविण्याची पद्धत ठरलेली असे. बिनीवाले सरदार आघाडीस राहून पुढच्या मुक्कामाची जागा हेरीत, आणि जेथे मुख्य सरदाराचा डेरा पडावयाचा तेथे निशाण रोवीत. मग त्या निशाणाच्या संदर्भाने बाजाराची लांबच लांब पेठ, पागा, पथके, खासगी, फरासखाना यांच्या जागा आपोआप निश्चित होत. प्रत्येकास आपल्या शेजाऱ्याची दिशा ठाऊक असल्याने, नव्या मुलखात पोहोचूनही काही घटकांतच कालचेच गाव पुन्हा वसल्यासारखे होई. तासगावच्या परशुरामभाऊंच्या लष्करात १७९० ते १७९२ या काळात कॅप्टन लिटलच्या पलटणीबरोबर असलेल्या एडवर्ड मूर याने, आणि १८०९ मध्ये शिंद्यांच्या लष्करात राहिलेल्या ब्रॉटन याने ही छावणी परक्या डोळ्यांनी पाहून वर्णिली आहे. त्यांना तिच्यात कवायती शिस्त दिसली नाही. पण बाजार, देवळे, सणवार आणि बायकामुले यांसह चालणाऱ्या एका समाजाची आतली शिस्त त्यांच्याही नजरेतून सुटली नाही. दोषही दडविण्याचे कारण नाही: बाजारबुणग्यांचा भार वाढत गेला, शिवकालीन पत्रातील निर्बंध सैल झाले, आणि मित्रमुलखातील शेतकऱ्यासही आपल्याच फौजेची चाहूल भयावह वाटू लागली.

या लष्करी विद्येला जो सर्वांत सुंदर उत्तराधिकारी लाभला, तो शस्त्रधारी नव्हता. साताऱ्याजवळ कृष्णाकाठच्या आरफळ गावचे हैबतबाबा पवार शिंद्यांच्या चाकरीत होते. पुढे विरक्त होऊन ते आळंदीस आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यास आजची शिस्त लावून दिली. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचा क्रम, चोपदार, शिंग, जरीपटका, नेमलेले मुक्काम आणि नेमलेली विश्रांतीची स्थळे हे सारे ज्याने फौजेचे कूच पाहिले आहे त्याच्याच हातचे आहे, हे सहज ओळखू येते. अंकलीच्या शितोळे सरदारांनी या कार्यास हात दिला. माउलीचा अश्व आणि माउलीचा तंबू आजही त्यांच्याकडूनच येतो, आणि ते अश्व कृष्णाकाठच्या अंकलीहून मिरज-साताऱ्याच्या वाटेने चालत आळंदीस जातात. नीरा ओलांडून पालखी सातारा जिल्ह्यात आली म्हणजे लोणंद, तरडगाव, फलटण, बरड येथे तळ पडतात. संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी सहस्रावधी माणसे टाळ कुटीत असतात, चोपदार चोप उंचावतो, आणि क्षणार्धात शांतता पसरते. मग वाटेत हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची जाहीर वाच्यता होते आणि दुसऱ्या दिवशीची कुचाची वेळ सांगितली जाते. शिंद्यांच्या फौजा गेल्या, त्यांचे डेरे गेले; त्या डेऱ्यांची मांडणी मात्र भक्तीच्या आश्रयाने टिकून राहिली. आणि या तळाची एक विशेषता अशी, की तो ज्या गावी पडतो ते गाव त्याची वाट पाहत असते.

यजमानाने वाट पाहावी असा दुसरा तळ धनगरांचा. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांतील मेंढपाळ पावसाळा सरला की घोड्यांवर संसार लादून पश्चिमेकडे निघतात. कोणी कृष्णाकाठच्या काळ्या रानात थांबतात, कोणी घाट उतरून कोकणात जातात. त्यांना तंबूचे अगत्य नाही. वाघूर लावून मेंढरे आत घेतली, तीन दगडांची चूल मांडली, कुत्री राखणीस बसली, की वाडा पडला. शेतकरी त्यांस आपल्या रानात मेंढरे बसविण्यासाठी बोलावतो आणि खताच्या मोबदल्यात धान्य किंवा रोख रक्कम देतो. इतर सर्व छावण्या जमिनीकडून काही घेऊन उठतात, आणि ही एकटीच तिला काही देऊन उठते. म्हणून मी हिला या प्रदेशातील श्रेष्ठ छावणी मानतो. वरच्या सड्यांवर म्हशी पाळणाऱ्या गवळी धनगरांचे वाडे निराळे. ते स्थिर वस्तीचे, परंतु अरण्याशी तितकेच जुळलेले. इंग्रजी अमदानीत १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव झाली आणि या दोन्ही समाजांच्या चराईवर सरकारी निर्बंध आले. १९३० साली शिराळा पेट्यातील बिळाशी येथे जो जंगल सत्याग्रह झाला, त्याच्या मुळाशी रानावरील पिढीजात हक्क हिरावले गेल्याची हीच वेदना होती.

इंग्रज या डोंगरांत आधी सैनिक म्हणून आले. १८१८ च्या एप्रिलमध्ये जनरल प्रिट्झलरच्या फौजेने वासोट्यास वेढा घातला, कारण त्या निबिड अरण्यातील किल्ल्यावर पेशवा दुसऱ्या बाजीरावाने सातारकर राजकुटुंबातील माणसे आणि हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी कैदेत ठेवले होते. समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढविल्यावर गड शरण आला. पुढे सहा वर्षांनी, १८२४ मध्ये, साताऱ्यास असलेला लॉडविक नावाचा अधिकारी महाबळेश्वराच्या माथ्यावर हिंडून आला आणि तेथील हवेची कीर्ती त्याच्या लोकांत पसरली. छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी वर जाणारा उत्तम रस्ता बांधविला. १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम तेथे आला, आणि १८२९ च्या तहाने महाराजांनी वाईकडील खंडाळा गावाच्या बदल्यात ती जागा इंग्रजांस दिली. माल्कमपेठ वसली, पहिली वस्ती अर्थातच तंबूंची आणि गवती झोपड्यांची, बंगले मागाहून उठले. जेथे आज नौकाविहारासाठी झुंबड उडते तो वेण्णा तलाव प्रतापसिंहांच्या पश्चात गादीवर आलेल्या शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधविला. हे थंड हवेचे ठिकाण साहेबाने निर्माण केले असे आपण सहज म्हणून जातो. त्याचा रस्ता आणि त्याचे पाणी ही साताऱ्याच्या छत्रपतींची देणगी आहे, हे मात्र विसरतो.

संस्थान खालसा झाल्यावर कलेक्टर, त्याचे असिस्टंट आणि जंगल खात्याचे अंमलदार हिवाळ्यात दौऱ्यावर निघू लागले. गावाबाहेरच्या आमराईत, विहिरीच्या किंवा ओढ्याच्या आधाराने साहेबाचा तळ पडे. पाटील, कुळकर्णी, महार, रामोशी हजर होत. जमाबंदीचे हिशेब तेथेच तपासले जात. कारभार लोकांच्या दारापर्यंत येत असे, ही या पद्धतीची चांगली बाजू. तथापि गाड्या, बैल, दूध, कोंबड्या, सरपण आणि ओझी वाहणारी माणसे ही रसद बहुधा वेठीनेच मिळे, आणि तिचा भार गावातील सर्वांत दुबळ्याच्या डोक्यावर येई.

त्यानंतर या प्रदेशाचे रूप बदलले ते पाण्याने. इंग्रजी अमदानीतच साताऱ्यास पाणी पुरविण्यासाठी कासचा तलाव बांधला गेला; पण तो लहान. १९५४ मध्ये कोयना प्रकल्पाचे काम सुरू झाले, साठच्या दशकाच्या आरंभी हेळवाकजवळ शंभर मीटरहून उंच भिंतीमागे पाणी तुंबू लागले, आणि सुमारे पन्नास किलोमीटर लांबीच्या शिवसागराने कोयना, सोळशी आणि कांदाटी यांच्या काठची भातखाचरे, देवळे, पार आणि पाणवठे आपल्या पोटात घेतले. घाटाखाली पोफळीस वीज निर्माण झाली, महाराष्ट्राचे कारखाने चालले, मुंबई उजळली. विस्थापितांपैकी कित्येक सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशा दूरच्या आणि सर्वस्वी अनोळखी मुलखांत पाठविले गेले. अतिवृष्टीत भात पिकविणाऱ्या माणसाने पर्जन्यछायेतील माळावर ज्वारी पिकवावी अशी अपेक्षा केली गेली. जे गेले नाहीत ते पाण्याबरोबर वर सरकले आणि डोंगराच्या उतारावर राहिले. कांदाटी खोऱ्यातील गावांस बाजारास, दवाखान्यास, शाळेस जाण्यासाठी लाँचवाचून मार्ग उरला नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर आणि आसपासची गावे जमीनदोस्त केली, पावणेदोनशेहून अधिक माणसे मेली, आणि ऐन थंडीत हजारो लोकांना उघड्यावर राहावे लागले. त्या मुक्कामात हौस नव्हती. पुढे वारणेवर धरण झाले, चांदोलीच्या जंगलातील गावे उठली. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य, २००४ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान, २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, आणि २०१२ मध्ये कास, कोयना, चांदोली यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश, या क्रमाने हा मुलूख मनुष्यवस्तीकडून वनाकडे परतत गेला. वनाचे रक्षण झाले याचा मला मनापासून आनंद आहे. ज्यांनी त्याची किंमत मोजली त्यांची नावे कोणत्या फलकावर दिसत नाहीत, याचे तितकेच दुःख आहे.

आज तंबू उभे राहतात ते या पाण्याच्या काठी. बामणोलीहून होडीने वासोट्यास जाता येते, परंतु वन खात्याची परवानगी घ्यावी लागते आणि संध्याकाळपूर्वी परतावे लागते. ज्या गडावर माणसांना बळेच ठेवले जाई, तेथे आता कोणासही रात्र काढता येत नाही. हा निर्बंध योग्य आहे. कासच्या पठारावर तर तंबूचा विचारही करू नये. जांभ्याच्या कातळावरील बोटभर मातीत जी फुले उगवतात, त्यांना एक पाऊलही जड होते. मुक्काम करावयाचा तो तापोळा, बामणोली आणि त्यांच्या शेजारच्या गावांच्या हद्दीत, गावकऱ्यांनी राखलेल्या जागेत. तेथेही हिवाळ्याअखेर गवत वाळून कोळ झालेले असते, आणि रात्री हौसेने पेटविलेल्या शेकोटीची ठिणगी वाऱ्यावर उडाली तर वणवा सड्यापर्यंत चढतो. चिपळूणच्या पागेस तीनशे पन्नास वर्षांपूर्वी दिलेली ताकीद येथे शब्दशः लागू आहे.

आणि एक मागणी मला आग्रहाने करावयाची आहे. शिवसागराच्या काठची मोक्याची जमीन आता बाहेरच्या पैशाने विकत घेतली जाऊ लागली आहे, तीवर कुंपणे पडत आहेत, आणि होडी वल्हविणारा, भाकरी-पिठले रांधणारा स्थानिक मनुष्य आपल्याच काठावर चाकर होण्याची चिन्हे दिसत आहेत. तळासाठी कोणती जागा द्यावी, किती तंबू उतरू द्यावेत, कोणते पाणी पिण्याचे आणि कोणते धुण्याचे, आग कोठे पेटवावी, किती दस्तुरी घ्यावी, हे ठरविण्याचा अधिकार त्या त्या गावच्या ग्रामसभेस कायद्याने मिळावा, आणि येणारे उत्पन्न प्रथम लाँचच्या फेऱ्या वाढविण्याकडे व कांदाटी खोऱ्यातील आजाऱ्यांना वेळेवर दवाखान्यात पोहोचविण्याकडे लावावे. ज्यांची भातखाचरे या पाण्याखाली आहेत त्यांच्याकडे या काठाचे यजमानपद आपोआपच येते; ते कागदावर नोंदविण्याचे तेवढे काम सरकारने करावयाचे आहे.